खोबरेल थिजतं तेव्हा

डिसेंबरात माझा चाकू उघडत नाही.
दोष माझाच.
बिजागरीला मी खोबरेल घालते,
आई आदोळीला घालायची म्हणून.
हार्डवेअरवाले गुडे सांगून थकले:
बाई, मशीनचं तेल न्या, एवढीशी बाटली.
नेत नाही. त्याचा वास
मुलांच्या पेन्सिलींना लागतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
जुनी कुलपं आणि एक पाय गेलेली बाहुली,
यांच्या मधे पडला होता तो.
शिंगाची मूठ. पात्यावर कुठल्याशा गावाचं नाव,
अर्धं झिजलेलं, उरलेलं मला न वाचता येणारं.
विकणारी म्हणाली, मोरजीला एक म्हातारा गोरा होता,
घर सोडून गेला, त्याच्या सामानातला.
दीडशे म्हणाली. एकशेवीसला दिला.

तेव्हापासून चौदा हिवाळे
स्वेटरच्या डाव्या खिशात.
सहाला वाळपईहून स्कूटर काढते.
पोदेराचा पों पों थोडा वेळ सोबतीला,
मग तो वाड्यावर वळतो
आणि पुढे नुसतं धुकं, कुळागरांतून टपटपणारं.
म्हादईच्या पुलावर डावा हात सोडून
चाचपते. आहे.
इतका गार, की वाटावं
थंडी यानेच खिशात भरून आणलीय,
बाहेर आहे ती साधी हवा.

याने खरी थंडी पाहिली असणार.
बर्फातला दोर कापला असेल,
दगड झालेला पाव, कुठल्या तळ्यातल्या माशाचं पोट.
आणि आमची ही अठरा अंशांची,
जिला आम्ही हिंव म्हणतो
आणि माकडटोप्या घालून एकमेकांना घाबरवतो,
त्या हिंवात हा
चमचाभर खोबरेलापुढे तोंड मिटून बसलेला.

कोदाळच्या शाळेत मुलं अकरा.
शार्पनर आठवडाभरही टिकत नाहीत,
ओहोळात जातात, गुरांच्या पायाखाली जातात.
म्हणून थंडीत हजेरीनंतर
चाकू फिरतो. मिटलेला. मुठीमुठीतून.
पहिली मूठ धाकू झोरेची,
तो धार काढून थेट शाळेत येतो,
त्याच्या हातांना अजून म्हशीची ऊब असते.
मग रुक्मा वरक, ती मुठीत फुंकर घालते
आणि डोळे मिटते, का कोण जाणे.
तोंडाने पाढे चालू.
सातापर्यंत काही नाही.
नवाच्या पाढ्याला कधीतरी
कुणाच्या तरी हातात आतलं तेल सुटतं
आणि तो मूल मला चाकू आणून देतं
कोंबडीखालचं अंडं आणावं तसं.

यंदा परिपत्रक आलं.
वर्गात धारदार वस्तू नको.
बरोबरच आहे. सही केली.
अकरा शार्पनर नेले, चाकू डिकीत ठेवला.
पेन्सिली आपापल्या झाल्या, पटपट,
पाढ्यांआधीच.
मुलं हात काखेत घालून बसली.
धाकूने मूठ पुढे केली, उघडली.
रिकामी.
"बाई, आज काय ऊन करायचं?"
मी त्याला खडू दिला.
त्याने तो खरंच धरून ठेवला,
नवाच्या पाढ्यापर्यंत.

दुपारी डिकी उन्हाने तापलेली.
नख लावायच्या आधीच चाकू उघडला,
इतका सहज, की मलाच अवघडल्यासारखं झालं.
कापायला काही नव्हतं.
घाटाच्या वळणावर एका बाईकडून पेरू घेतला,
चार फोडी केल्या, दोन तिला दिल्या.
ती म्हणाली, धार बरी आहे.
म्हटलं, हो.
पातं पदराला पुसलं,
बिजागरी नाही पुसली.
तिथे तेल अजून पातळ होतं, चकाकत होतं.
रात्री पुन्हा थिजेल.